फ्रेंचमध्ये पहिला वर्ग

नानाजी कोंडावार फ्रेंच भाषेत नापास झाला, असं अहेरीत जे म्हणतात ते साफ खोटं आहे. मी फ्रेंच भाषेच्या परीक्षेला कधी बसलोच नाही. ज्या परीक्षेला बसलो तीत पहिल्या वर्गात पास झालो, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. जंगल खात्यातल्या हेडक्लार्कनं आपल्या फजितीची हकिगत आपणच सांगितलेली बरी. दुसरा सांगायला लागला की तीत नको ती भर पडते.

मुळात तुम्हाला फ्रेंच कशाला हवं, असं मला सगळ्यांनी विचारलं. सागवानाला फ्रेंच कळत नाही. आमच्या कचेरीचं मराठी, गोंडी आणि तेलुगूवर भागतं, आणि साहेबांशी बोलायला 'येस सर' एवढं इंग्रजी पुरतं. पण माझी एकुलती एक मुलगी कुंता यानमला दिली होती. यानम म्हणजे गोदावरी समुद्राला मिळते त्या बाजूचं एवढंसं गाव. कालपरवापर्यंत तिथं फ्रेंचांचं राज्य होतं. आमचे जावई व्यंकटी मूळचे सिरोंच्याचे, पण मामाच्या ओळखीनं तिथल्या कचेरीत चिकटले. सिरोंच्याला गोदावरीत पान सोडलं तर ते वाहत वाहत कुंताच्या गावी जाईल, असं मी तिच्या लग्नात ज्याला त्याला सांगत होतो. पान गेलं असतंही. पानाला रीतभात नसते.

आमच्यात मुलीच्या घरचं पाणी पीत नाहीत. नातवंड झालं की मग हरकत नाही. तोवर अन्न नाही, पाणी नाही. लग्नानंतर वर्षभरात कुंताची आई गेली, तेव्हा मी एकदा यानमला जाऊन आलो. उतरलो देवळाच्या ओसरीत, जेवलो खानावळीत, पाणी प्यालो विहिरीवर, आणि दिवसभर मुलीच्या घरी परक्यासारखा टोपी मांडीवर घेऊन बसलो. उन्हाळ्याचे दिवस होते. कुंता पाण्याचा गडू घेऊन उंबऱ्यापर्यंत यायची, आठवण झाली की ओठ चावून परत फिरायची. असं तिनं किती वेळा केलं असेल! दुसऱ्या दिवशी मी कामाचं निमित्त सांगून पळून आलो. आई नुकतीच गेलेली मुलगी, आणि बाप असा. गाडीत मी पाणी प्यालो तेव्हा ते मला कडू लागलं.

पुढं दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा राहिले नाहीत. तिसऱ्यांदा गेले तेव्हा डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली. तशी आणून तरी कुठं ठेवणार होतो? बाईमाणूस नसलेल्या घराला कोणी माहेर म्हणत नाही. 'बाबा, मले इथी लई एकटं वाटते. तुमीच येऊन राहा ना,' असा तिचा निरोप आला. येऊन राहा! जावयाच्या घरी राहणाऱ्या सासऱ्याला आमच्या मुलखात काय काय म्हणतात, ते मी इथं सांगत नाही.

आणि नेमकं त्याच सुमारास कचेरीत एक परिपत्रक आलं. फ्रेंचांच्या वसाहती आता आपल्याकडे आल्या आहेत, तिथल्या कचेऱ्यांत कारकून हवेत, तरी ज्यांच्याकडे फ्रेंचचं मान्यताप्राप्त प्रावीण्य असेल त्यांनी अर्ज करावेत. यानमचं नाव त्यात छापलेलं होतं. मी ते परिपत्रक टेबलावर ठेवून त्याला चक्क नमस्कार केला. आपली नोकरी, आपलं क्वार्टर, आपलं मडकं, आपलं पाणी, आणि मुलगी पलीकडच्या गल्लीत! बाळंतपणाला बाप जवळ आणि रीतही शाबूत. आता फक्त फ्रेंच तेवढं यायचं राहिलं होतं.

पण मान्यताप्राप्त प्रावीण्य म्हणजे कोणती परीक्षा? आमच्या साहेबांनी वरच्या कचेरीला विचारलं. उत्तर आलं की, मान्यताप्राप्त म्हणजे जिला मान्यता आहे अशी. मी ते उत्तर फायलीला लावलं आणि गावाचा सल्ला घ्यायला निघालो.

गावात सल्ल्याला तोटा नव्हता. किराणा दुकानवाले बाबुलाल शेठ म्हणाले, "नानाजीभाऊ, परीक्षा द्याची त मुंबईची द्या. तिथी गोरा सायेब समोर बसवून बोलते. सर्टिफिकेट पक्कं!" गोरा साहेब समोर बसला की मला मराठीसुद्धा येत नाही, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. नागपूरला वर्ग होते, पण ते वर्षभराचे आणि रोज संध्याकाळचे. अहेरीहून रोज संध्याकाळी नागपूर! दिल्लीचीही एक परीक्षा होती. तिचा अर्ज मी मागवला, तर तो फ्रेंचमध्येच भरायचा निघाला. म्हणजे ज्याला फ्रेंच येतं त्यालाच फ्रेंच शिकल्याची परीक्षा देता येत होती. सरकारचं असं काही वाचलं की मला नोकरीचा अभिमान वाटतो.

शेजारच्या शकुबाईंनी मात्र परीक्षेचं नावही न ऐकता निकाल दिला. "भाऊ, जे जवळ असन ते द्या. दूरचं नवस आन दूरची परीक्षा, फेडता फेडता माणूस मरते."

परीक्षा ठरायची होती तरी अभ्यास मी सुरू केला होता. नागपूरहून एक 'स्वयंशिक्षक' मागवला होता, त्यात फ्रेंच उच्चार देवनागरीत दिले होते. या भाषेत अर्धे शब्द नाकातून काढायचे असतात आणि 'र' घशातून, चूळ भरल्यासारखा. मी पहाटे मागच्या अंगणात बसून 'बाँझूर, बाँझूर' असा फ्रेंच नमस्कार घोकत असे. तिसऱ्या दिवशी शकुबाई काढ्याचा पेला घेऊन कुंपणाशी उभ्या. "प्या जी हे गरम गरम. तीन दिवस झाले आयकून राह्यली मी. पडसं छातीत उतरलं त भारी पडन." ही फ्रेंच भाषा आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी पेला कुंपणावरून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "कुंतासाठी करून राह्यले ना? मंग करा. पन काढा प्या." मी काढा प्यालो. तो दोन्ही कामांना चांगला होता असं वाटतं.

आता मुखरू मेस्त्री. हा आमच्या डेपोतला सुतार. एकदा कचेरीची खिडकी दुरुस्त करायला आला असताना माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "ही फ्रेंचची परीक्षा जवळपास कुठं होते, कोणाला ठाऊक!"

"नागभीडले," मुखरू रंधा न थांबवता म्हणाला. "माहा साळा तिथूनच पास हाये."

मी खुर्चीतून उठलोच. या जंगलात, मुखरूचा मेहुणा, फ्रेंच! "त्याला चांगलं येतं?"

"येते म्हंजे? त्याचं फ्रेंच पाहाले चांद्याहून लोकं येतेत."

"बोलतो?"

"बोलाले काय लागते जी त्यात? हाताचं काम हाये."

मला आनंदानं काही सुचेना. फ्रेंच माणूस बोलताना हात फार हलवतो, असं माझ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच लिहिलं होतं. मुखरूच्या मेहुण्याला थेट तिथपर्यंत मजल मारता आली, याचं मला कौतुक वाटलं. "आणि त्या परीक्षेला सरकारी मान्यता आहे?"

"सरकारी ठेक्याचं काम भेटते ना त्याले त्याच्यावर!"

झालं. मी त्याच दिवशी नागभीडला अर्ज धाडला. प्रवेशपत्र आलं ते मी आजही जपून ठेवलं आहे. 'विषय : फ्रेंच. परीक्षा प्रात्यक्षिक स्वरूपाची राहील. साहित्य केंद्रावर पुरवले जाईल. उमेदवारांनी शक्यतो जुने कपडे घालून यावे.' आता मराठी जाणणाऱ्या कोणत्याही निःपक्षपाती माणसानं सांगावं, यात माझं काय चुकलं? प्रात्यक्षिक म्हणजे तोंडी संभाषण. साहित्य म्हणजे फ्रेंच साहित्य, कथा-कविता वगैरे. ते केंद्रावर मिळणार म्हणजे बरोबर पुस्तकं न्यायला नकोत. जुन्या कपड्यांचं मात्र मला पटेना. गरीब उमेदवारांना संकोच वाटू नये म्हणून लिहिलं असेल, असं समजून मी काळा कोट, कांजीचं धोतर आणि टोपी घालूनच निघालो. मोटारीनं, आष्टीच्या घाटावर नदी डोंग्यानं, पुन्हा मोटारीनं, मग चांद्याहून छोट्या गाडीनं. वाटभर माझं 'बाँझूर' चालू होतं. डब्यातल्या एका बाईनं आपलं मूल उचलून दुसऱ्या बाकावर नेलं.

नागभीडचं केंद्र म्हणजे एक पत्र्याची लांब पडवी होती. आत पाचपंचवीस माणसं उकिडवी बसलेली, बंडी आणि गुडघ्यापर्यंतचं धोतर. फ्रेंच या थरापर्यंत पोचलं आहे हे बघून माझा स्वराज्यावरचा विश्वास दृढ झाला. परीक्षक आले, तेव्हा मी उभा राहून, घशातून 'र' काढून त्यांना 'बाँझूर' म्हटलं. ते म्हणाले, "पाणी पाहिजे का तुमाले?"

मग त्यांनी साहित्य वाटलं. माझ्या पुढ्यात आला एक कोरा सागवानी पाट, काचकागदाचा तुकडा, फडक्यात बांधलेला कापसाचा बोळा, आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख.

मी पाटाकडे पाहिलं, शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी पाट घासायला लागलाही होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सागवानाच्या मुलखात जन्म काढला होता मी. कचेरीतलं प्रत्येक टेबल, विश्रामगृहातली प्रत्येक खुर्ची याच फ्रेंच पॉलिशनं चकाकत होती. 'फ्रेंच मारून घे' असं मीच किती सुतारांना सांगितलं असेल. आमच्याकडे फ्रेंच म्हटलं की दुसरं काही नसतंच. साऱ्या जिल्ह्यात त्या शब्दाचा भलता अर्थ काढणारा मी एकटा निघालो.

"काऊन, तब्येत बरी नाई का?" परीक्षकांनी विचारलं. "फ्रेंचलेच बसले ना तुमी?"

सगळी पडवी माझ्या कोटाकडे बघत होती. अशा वेळी शहाणा माणूस खरं सांगून उठतो. पण हेडक्लार्क उठू शकत नाही. "हो, फ्रेंचलाच," मी म्हणालो, कोट काढून खिळ्याला लावला आणि पाट मांडीवर घेतला.

पहिल्यांदा राग होता, तो काचकागदावर निघाला. मग राग संपला आणि नुसतं वाईट वाटायला लागलं. पाऊस तोंडावर आला होता, कुंताला सहावा लागला होता, आणि मी नागभीडच्या पडवीत लाखेचा बोळा फिरवत होतो. आता दुसरी परीक्षा नाही, दुसरं परिपत्रक नाही. शेजारचे लोक एक हात देऊन, वाळवून, दुसरा हात देत होते. मला ते काही ठाऊक नव्हतं. मी आपला गोल गोल फिरवत राहिलो. तान्ह्या कुंताला टाळूवर तेल जिरवताना तिची आई असाच हात फिरवायची, तेवढं आठवत होतं. माणसं पाट देऊन निघून गेली तरी माझा हात चालूच होता. शेवटी परीक्षकांनीच पाट काढून घेतला, उजेडाकडे तिरपा धरला आणि "बाप रे" म्हणाले.

या पॉलिशचं सगळं कसब घासण्यातच असतं, हे मला नंतर कळलं. पाट बक्षीस मिळाला आणि 'फ्रेंच : प्रावीण्य, प्रथम वर्ग' असं प्रमाणपत्र. त्यावर पॉलिश हा शब्द कुठंच नव्हता. नागभीडच्या लोकांना तो लिहायची गरज वाटली नसणार.

मी साहेबांना सगळं खरं सांगायला गेलो होतो, देवाशपथ. पण साहेबांनी प्रमाणपत्र आधी पाहिलं, हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि त्याची नक्कल त्याच दिवशी वर पाठवली. मग मी तोंड उघडलं. साहेबांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं. "कोंडावार, फाईल गेली," ते म्हणाले. "आता ती परत मागवली तर आपण दोघंही मूर्ख ठरू. राहू द्या. देवाच्या मनात असेल तर होईल." काही दिवस मी खरंच आशा धरली. शकुबाईंना तर मी जाणारच असं वाटत होतं. त्यांनी खारीक, खोबरं, डिंक जमवायला घेतला. "बाळंतिनीचे लाडू मीच करून देईन. तुमाले काय जमते? तुमी फ्रेंच बोला."

उत्तर आलं ते भर पावसात. वरच्या कचेरीतला कोणीतरी नागभीडकडचाच निघाला. त्यानं एका नजरेत ओळखलं. यानमची जागा दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोणाला गेली होती. आमच्याबद्दल लिहिलं होतं की, 'सदर हेडक्लार्क फ्रेंचमध्ये प्रवीण असल्याचे समाधानपूर्वक नोंदविण्यात येत आहे. मोठ्या साहेबांच्या दौऱ्यापूर्वी विश्रामगृहातील फर्निचरचे काम त्यांच्या देखरेखीखाली करून घ्यावे.' गावात ही बातमी माझ्या आधी पोचली. बाबुलाल शेठ दुकानातून ओरडले, "भाऊ, माह्या गल्ल्यावर बी दोन शब्द बोला ना फ्रेंच!" मुखरूनं मात्र कोणाजवळ माझं हसं केलं नाही. विश्रामगृहात माझ्या शेजारी बसून तो मुकाट्यानं खुर्च्या घासत राहिला.

देखरेख करता करता मीही बोळा हातात घेतला होता. हाताला तेवढंच काम. मोठ्या टेबलाचा अर्धा भाग झाला असताना टपालवाला भिजत आला. पावसानं तारा तुटल्या होत्या, म्हणून चांद्याहून पुढं तार टपालानं आली होती. व्यंकटीची तार. मुलगा झाला, एक दिवस जगला, कुंता ठीक आहे.

मी ती तार पुन्हा पुन्हा वाचली. माझ्या हाताला लाख होती, ती कागदाला चिकटली. मुखरूला वाचता येत नव्हतं, पण त्यानं माझ्या हातातला बोळा काढून घेतला आणि म्हणाला, "जा जी तुमी. टेबल मी करतो."

साहेबांनी रजेचा अर्ज बसल्या जागी मंजूर केला. आष्टीला पूर होता. तो उतरेपर्यंत अडकून पडावं लागणार हे ठाऊक असूनही मी निघालो. कशासाठी जातोय हे मला सांगता आलं नसतं. ट्रंकेत तो पाट घातला. नातवाच्या बारशाला न्यायचा म्हणून ठेवला होता, तो घरी ठेवून जावंसं वाटेना. निघताना शकुबाई डबा घेऊन आल्या. लाडू होते.

"आता हे कशाला, बाई?" मी म्हणालो.

"काऊन? लेकरू नाई राह्यलं, पन पोरगी बाळंतीन त हाये ना जी," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. "तिले कोनी लाडू द्याचं नाई का?"

मी मोटारीत बसून रडलो. कोट घातलेला होता तरी रडलो.

यानमला पोचलो तेव्हा दुपार होती. आधी देवळात जाऊन ट्रंक ठेवावी, विहिरीवर पाणी पिऊन मग जावं, असं मागच्यासारखंच ठरवलं होतं. पण पाय थेट तिच्याच दाराशी गेले. कुंता ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. पांढरी फटक झाली होती पोर. मला पाहून ती उठायला लागली, मी नको नको म्हणत असतानाच आत गेली आणि पाण्याचा गडू घेऊन आली. उंबऱ्याशी आली आणि थांबली.

"मी भुललीच," ती म्हणाली. "तुमी त पेत नाई ना, बाबा. आन आता त…" ती परत फिरली.

जन्मभर मी नियम वाचत आणि लावत आलो आहे. कोणत्या नियमात काय लिहिलं आहे आणि काय लिहिलेलं नाही, एवढीच माझी विद्या.

"थांब," मी म्हणालो. "पोरगा झाला होता ना तुले?"

तिनं मान हलवली.

"मंग मी आजा झालो. नातवंड झालं की पेता येते, एवढंच हाये रीतीत. ते किती जगावं, हे कुठी सांगतलं नाई. आण ते पाणी."

ती उंबरा ओलांडून बाहेर आली. मग गडू माझ्या हातात देऊन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. मी गडू तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. आणखी एक मागितला. तोही प्यालो. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून बसलो.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "बाबा, मंग फ्रेंच आलं का तुमाले?"

मी ट्रंक उघडून पाट काढला, तिच्यापुढं ठेवला आणि नागभीडची सगळी हकिगत सांगितली. परीक्षकांना घातलेल्या 'बाँझूर'पाशी आलो तेव्हा ती हसली. हसताना तिला टाका दुखला. पोटाशी हात धरून ती म्हणाली, "नका ना बाबा," आणि पुन्हा हसली.

त्या रात्री मी तिच्या घरी जेवलो, त्याच पाटावर बसून. जेवण झाल्यावर तिनं पाण्याचा गडू माझ्याजवळ पाटाच्या कोपऱ्यावर ठेवला. या पॉलिशला पाणी सोसत नाही. सकाळी पाहतो तर तिथं गडूच्या बुडाएवढा पांढरा गोल डाग उमटलेला.

असा डाग कसा काढायचा ते मला येतं. स्पिरिटचा ओझरता हात, वर लाखेचा बोळा, मग नुसतं घासत राहायचं. पहिल्या वर्गातला माणूस आहे मी. पण यानमला गेलो की दर वेळी तो पाट बघतो, आणि कुंता काही तो डाग मला काढू देत नाही.